अत्तार आडनाव: कैरोचं आणि कराडचं एकच का?

माणदेशी

नमस्कार मंडळी. आमच्या माण-खटाव भागात अत्तार आडनावाची घरं गावोगाव आहेत. शाळेत हजेरी घेताना अत्तार, तांबोळी, मुलाणी ही नावं ठरलेली. आता नोकरीसाठी कतारमधल्या दोहात आहे. इथे आमच्या हिशेब खात्यात एक इजिप्तचे गृहस्थ आहेत, त्यांचं आडनाव अल-अत्तार. आमच्याकडेही अत्तार आहेत म्हटल्यावर ते इतके खूश झाले की म्हणाले, "म्हणजे आमचेच भाऊबंद तुमच्याकडे गेले!"

मला हे एवढं सोपं वाटत नाही. नावाचा अर्थ ढोबळमानाने माहीत आहे. पण हे आडनाव मुळात कुठलं, अरब देशांत किती पसरलेलं आहे, आणि आपल्याकडचे अत्तार नि तिकडचे अत्तार यांचा रक्ताचा संबंध असू शकतो का? जाणकारांनी सांगावं. कोणी अत्तार मंडळी इथे असतील तर त्यांनी तर नक्कीच लिहावं.

निशिगंध

अत्तर विकतो तो अत्तार. यात एवढं कोडं काय आहे?

शब्दवेल्हाळ

निशिगंध, तेवढ्यावर भागत नाही. अरबीत शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभा राहतो. इथे धातू आहे ऐन-तोय-रे. त्यापासून 'इत्र' म्हणजे सुगंध. मधलं व्यंजन दुप्पट करून पुढे 'आ' लावला की तोच उद्योग रोज करणारा माणूस तयार होतो: अत्तार. आपण 'अत्तार' लिहिताना जो जोड-त येतो, तो त्या दुपटीचाच आहे.

अरबांची कितीतरी धंदेवाचक आडनावं याच साच्यातली आहेत. हद्दाद म्हणजे लोहार, नज्जार म्हणजे सुतार, खब्बाज पाव-रोटी भाजणारा, खय्यात शिंपी, सब्बाग रंगारी. आणि या साच्यातले शब्द आपण मराठीत रोज वापरतो. सर्राफचा आपण सराफ केला, दल्लालचा दलाल, हम्मालचा हमाल. सराफ आणि दलाल ही तर चांगली मराठी आडनावं आहेत. अशी आडनावं असलेल्या कोणी 'आमचे पूर्वज अरबस्तानातून आले' असं म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. माणदेशींच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं.

भिकूशेठ

दलाल आणि हमाल एकाच साच्यातले! मार्केट यार्डात दोघं एकाच ट्रकपाशी उभे असतात, व्याकरणातही शेजारीच निघाले की.

कैरोकर

मी कैरोत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. तिथे 'अत्तार'च्या दुकानात अत्तर मागायला जाल तर आधी जिरं-धनं दिसेल. पोती उघडी मांडलेली असतात: जिरं, धणे, बडीशेप, मेथी, हळद, कलौंजी, मेंदी, सुकवलेली लाल अंबाडीची फुलं. या फुलांचं सरबत तिकडे घरोघरी होतं, त्याला करकदे म्हणतात. खोकल्याला काय घ्यावं, पोट बिघडलं तर काय उकळून प्यावं, बाळंतिणीला काय द्यावं, हे सगळं बायका अत्तारालाच विचारतात. या मालाला आणि धंद्याला मिळून 'इतारा' म्हणतात. सुगंधी तेलाच्या कुप्या बऱ्याचदा वेगळ्या दुकानात.

म्हणजे अरबी अत्तार हा मसालेवाला, काष्ठौषधीवाला आणि सुगंधी द्रव्यवाला अशा तिघांचा मिळून एक. इराणमध्येही 'अत्तारी' म्हटलं की जडीबुटीचं दुकान. तुर्कस्तानात हाच शब्द 'अक्तार' झाला आणि तिथेही अर्थ तोच राहिला.

एक जुनी ओळ अरब लोक अजून बोलतात. एक म्हातारी तारुण्य परत मिळावं म्हणून अत्ताराकडे जाते, त्यावर कवी विचारतो, काळाने जे बिघडवलं ते अत्तार कुठून दुरुस्त करणार? आता ती म्हण राजकारणापासून मोडक्या गाडीपर्यंत कुठेही वापरतात.

निशिगंध

कैरोकर, हे खरंच माहीत नव्हतं. मग आपल्याकडे फक्त अत्तरच का उरलं? आपला अत्तार जिरं कधी विकायचा नाही.

काढा_स्पेशालिस्ट

कारण आपल्याकडे ती जागा आधीच भरलेली होती. औषधी वनस्पतींना वैद्य, वैदू, काष्ठौषधीवाले होते, मसाल्याला वाणी होता. गुजरातेत तर नेमका हाच तिहेरी धंदा करणारा गांधी होता. 'गंध'वरून गांधी, आणि गांधी म्हणजे सुगंधी द्रव्यं, किराणा, औषधी विकणारा. अर्थाचा विस्तारसुद्धा अत्तारासारखाच झालेला आहे. आपल्याकडे हा नवा शब्द आला तेव्हा त्याच्या वाट्याला फक्त अत्तर आलं.

मुळात अत्तार हा औषधविक्रेता होता याचे पुरावे भरपूर आहेत. फारसीतले थोर सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार हे इराणातल्या निशापूरचे. 1221 च्या आसपास मंगोल स्वारीत ते मारले गेले असं मानतात. त्यांचा औषधांचा व्यवसाय होता आणि कवी म्हणूनही त्यांनी 'अत्तार' हेच नाव लावलं. म्हणजे तेव्हा ते आडनाव नव्हतं, कामधंद्याची ओळख होती.

त्यांच्यानंतर थोड्याच वर्षांनी, 1260 च्या सुमारास, कैरोत कुहीन अल-अत्तार नावाच्या औषधविक्याने दुकान कसं चालवावं यावर ग्रंथ लिहिला. सरबतं, चाटणं, गोळ्या, मलमं कशी करायची, वनस्पती कधी तोडायची, किती दिवस टिकते, भेसळ कशी ओळखायची, सगळं त्यात आहे. आपला मुलगा डोळ्यासमोर ठेवून त्याने तो लिहिला. मला त्या बापाचं फार कौतुक वाटतं. धंद्यातलं गुपित लपवून ठेवण्याच्या काळात त्याने ते नीट लिहून काढलं आणि पुढे शतकानुशतकं लोकांनी ते वापरलं.

अशदोदकर

काढा_स्पेशालिस्ट, एक राहिलं. कुहीन अल-अत्तार ज्यू होते. 'कुहीन' म्हणजे कोहेन, ज्यू पुरोहित घराण्यांचं नाव.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. घरचे मूळचे पेण तालुक्यातले, आता इस्रायलमधल्या अशदोदला. आमची आडनावं गावावरून, शेवटी 'कर' लावून. इथे मोरोक्को, इराककडून आलेल्या ज्यू लोकांत अत्तार, अतार, बेन-अत्तार ही आडनावं भरपूर भेटतात. फुटबॉलवाल्यांना रूवेन अतार माहीत असेल. त्याआधीचं मोठं नाव म्हणजे रब्बी (ज्यू धर्मगुरू) हाईम बेन अत्तार. मोरोक्कोतल्या सालेचा जन्म, 1696 चा, आणि मृत्यू जेरुसलेमला 1743 मध्ये. त्यांच्या समाधीवर अजून लोक जातात. स्पेन-मोरोक्कोकडच्या ज्यूंमध्ये याच बेन-अत्तारचं 'बेनतार' झालं. अमेरिकन गायिका पॅट बेनटार हिचं आडनाव ते हेच, पहिल्या नवऱ्याकडून आलेलं.

तेव्हा माणदेशी, तुमच्या दोहातल्या साहेबांना सांगा की त्यांचे भाऊबंद फार दूरवर आहेत आणि सगळे एका धर्माचेही नाहीत.

वाचनवेडी

अरे वा, बेनटार! हे आज घरी सगळ्यांना सांगणार.

अरबी_समुद्र

मी रत्नागिरीचा, कोकणी मुसलमान. वर शब्दवेल्हाळ यांनी रक्ताचा संबंध एका झटक्यात निकालात काढला, ते मला मान्य नाही. आपल्या किनाऱ्यावर अरब व्यापारी हजार वर्षांहून अधिक काळ येत होते. चौलला अरबांची वस्ती होती, हे दहाव्या शतकातल्या अल-मसूदी या प्रवाशाने स्वतः पाहून लिहिलंय. ते काय घेऊन जायचे? मसाले, चंदन, कापूर, औषधी. हा अत्ताराचाच तर माल. मग त्यांच्यातला एखादा अत्तार इथे राहिला नसेल कशावरून?

पक्का_पुरावा

अरबी_समुद्र, चौलच्या वस्तीबद्दल वाद नाही. पण मग अत्तार आडनाव किनाऱ्यावर दाट आणि घाटावर विरळ दिसायला हवं होतं. दिसतं ते उलटं. तुमच्याकडे अरबी आडनावं खतीब, काझी, फकी, मुकादम अशी आहेत. अत्तार भेटतात ते सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, नगर आणि पलीकडे विजापूर-बेळगाव या पट्ट्यात. हा बहमनी, निजामशाही, आदिलशाहीचा मुलूख. तिथे दरबाराची आणि दप्तराची भाषा फारसी होती, आणि अरबी शब्द आपल्याकडे आले ते बहुतेक फारसीच्या हाताने.

शब्दातही तशी खूण आहे. अरबी उच्चार 'इत्र', फारसी उच्चार 'अत्र'. आपण म्हणतो अत्तर. तो फारसीकडून आला आहे हे कान सांगतो.

इंग्रज अमदानीतल्या जिल्हा गॅझेटियरांत या भागातले अत्तार धंदेवाईक गट म्हणून नोंदले आहेत आणि त्यांना इथल्याच हिंदूंमधून धर्मांतर केलेले म्हटलं आहे. गॅझेटियरवाल्यांची प्रत्येक गोष्ट मी डोळे मिटून घेत नाही, पण अरबस्तानातून आल्याचा दावा त्यात नाही हे महत्त्वाचं. सय्यद म्हणवणाऱ्यांकडे वंशावळी असतात, कारण तिथे वंशच महत्त्वाचा. अत्तारांकडे दुकान असतं.

अरबी_समुद्र

'फारसीच्या हाताने' हे पटलं. पण एकही अरब अत्तार इथे मिसळला नाही असं तुम्हीही म्हणू शकणार नाही. एवढी खिडकी उघडी ठेवा.

पक्का_पुरावा

ठेवली. 😊

अत्तार_कराडवाला

धागा वाचून राहवलं नाही, म्हणून खातं उघडून लिहितोय. मी अत्तार. आजोबांपर्यंत घरात हाच धंदा होता, वडिलांनी मशीन दुरुस्तीचं काम धरलं, मी बँकेत.

आजोबा दुकान टाकून कधी बसले नाहीत. लाकडी पेटी होती, आत मखमल, कप्प्याकप्प्यात कुप्या: हिना, मोगरा, केवडा, खस, गुलाब, शमामा. कापसाचा फाया करून गिऱ्हाइकाच्या कानात ठेवायचे, मगच भाव सांगायचे. पेटीच्या खालच्या खणात सुरमा, मिस्सी (दातांना लावायची काळी पूड), लोबान, ऊद, उदबत्तीचे पुडे. उरूस आणि जत्रा या दोन्हींवर घर चालायचं. पिराचा उरूस झाला की खंडोबाची, मग म्हसोबाची, मग बिरोबाची. पालीच्या जत्रेला आजोबा जायचेच. तिथे अत्तरापेक्षा उदबत्ती आणि कापूर जास्त खपायचा. गावात कोणाचं लग्न असलं की आदल्या दिवशी सांगावा यायचा, अत्तर आणि गुलाबपाणी घेऊन या. लग्नाच्या मांडवात पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावायचं काम त्यांचं असायचं.

आम्ही अरबस्तानातून आलो अशी गोष्ट आमच्या घरात मी कधी ऐकली नाही. आजी सांगायची ती गोष्ट उत्तर प्रदेशातल्या कनोजच्या व्यापाऱ्यांची. ते माल घेऊन यायचे, त्यांच्याकडून आजोबा तोळ्यावर घ्यायचे. बोली घरात दखनी, बाहेर मराठी. लग्नं पूर्वी अत्तारांतच व्हायची, आता तांबोळी, बागवान, मणेर कुणाशीही होतात.

कैरोकर, तुम्ही लिहिलेलं वाचून एक गोष्ट उलगडली. कान दुखला, दाढ दुखली की गल्लीतल्या बायका आजोबांकडे लवंगेचं तेल मागायला यायच्या. ते का, हे मला आज कळलं.

विठूचा_सखा

अत्तारभाई, पोस्ट वाचून लहानपणचे आमच्या गावचे अत्तारचाचा आठवले. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात तेच होते. वरपक्षाला अत्तर आधी की वधूपक्षाला यावरून दोन म्हातारे हटून बसले, तर चाचांनी दोन्ही हातांत दोन फाये घेऊन दोघांना एकाच वेळी लावले. लिहित राहा.

आकडेवाला

मूळ प्रश्नातला 'किती पसरलेलं' हा भाग कोणी घेतला नाही म्हणून लिहितो. आडनावांची संकेतस्थळं बघितली तर प्रत्येक देशापुढे मोठमोठे आकडे आणि क्रमांक असतात. ते शपथेवर घेऊ नका. अरब देशांत बहुतेक ठिकाणी आपल्यासारखं पक्कं आडनाव सगळ्यांना नसतं. इजिप्तमध्ये माणसाचं नाव म्हणजे स्वतःचं, बापाचं, आजोबांचं नाव, आणि असलंच तर शेवटी घराण्याचं. कागदावर कधी ते येतं, कधी येत नाही. त्यात रोमन लिपीत एकच नाव अत्तार, अतार, अल-अत्तार, एल-अत्तार, एलअत्तार, बेनअत्तार असं पाच-सहा तऱ्हेने उतरतं. संगणक त्यांना सहा आडनावं समजतो.

एवढं मात्र खात्रीने म्हणता येतं की मोरोक्कोपासून इराकपर्यंत हे आडनाव न सापडणारा मोठा अरब देश नाही. इजिप्त, सीरिया, इराक, पॅलेस्टाईन, सौदीतलं हिजाज, सगळीकडे आहे. कारण साधं आहे. प्रत्येक शहराला निदान एक अत्तार लागायचाच. शहरं जितकी, तितक्या ठिकाणी हे नाव आपापलं जन्मलं. एकाच मूळपुरुषाची शाखा नाही ही.

भूगोलवाला

आकडेवाला, याला जोडून. कोणत्याही जुन्या अरब शहराचा नकाशा काढा, अत्तारांचा बाजार सापडेल. ट्यूनिसला जैतुना मशिदीला चिकटून सूक अल-अत्तारीन आहे, तेराव्या शतकातला. जेरुसलेमच्या जुन्या शहरात त्याच नावाचा झाकलेला बाजार आहे. फेज शहरात तर मदरशाचंच नाव अत्तारीन, 1323 ते 1325 या काळात बांधलेला, कारण तो अत्तार बाजाराच्या तोंडाशी आहे.

हे बाजार मुख्य मशिदीला खेटून असण्यामागे कारण आहे. स्वच्छ, सुवासिक, महाग मालाचे धंदे मशिदीजवळ. कातडी कमावणारे, रंगारी, लोहार शहराच्या कडेला. अत्तार हे नाव प्रतिष्ठेचं झालं त्याला ही जागाही कारणीभूत आहे.

अलेक्झांड्रियात अत्तारीन नावाचा मोहल्लाच आहे, आता तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो.

वाचनवेडी

अलेक्झांड्रियाच्या अत्तारीन मशिदीची गोष्ट सांगू का? थोडं विषयांतर होतंय. नेपोलियनच्या स्वारीत आलेल्या फ्रेंचांना तिथे एक प्रचंड दगडी शवपेटी सापडली. तिला भोकं पाडून पाण्याची टाकी म्हणून वापरत होते. स्थानिक लोक म्हणायचे ही सिकंदराची. पुढे 1801 मध्ये फ्रेंच हरले आणि ती इंग्रजांकडे गेली. चित्रलिपी वाचता यायला लागल्यावर कळलं की ती इजिप्तच्या शेवटच्या देशी फॅरोंपैकी एकाची, दुसऱ्या नेक्तानेबोची. आता ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मी समोर उभी राहून बघितली आहे, भोकं अजून दिसतात.

भिकूशेठ

म्हणजे सिकंदराच्या नावावर भलत्याचीच पेटी! बाकी विषयांतर झकास, अजून येऊ द्या.

टिंबकटू

अमेरिकेवर हल्ला करणाऱ्यांतला तो मोहम्मद अत्ता, तेही हेच आडनाव का?

शब्दवेल्हाळ

नाही. ते 'अता', अर्थ देणगी, दान. सुरुवातीची दोन अक्षरं सारखी, पण धातू वेगळा आणि शेवटी 'र' नाही. अताउल्ला म्हणजे देवाची देणगी, त्यातला तो अता. आणि आपल्याकडे 'अख्तर' आणि 'अत्तार' यांतही लोक घोटाळा करतात. अख्तर फारसी, म्हणजे तारा. या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

कैरोकर

आडनाव लावणारी मोठी माणसं राहून गेली. माझ्या मते सगळ्यात मोठे शेख हसन अल-अत्तार. जन्म कैरोतला, 1766 च्या सुमाराचा, वडील खरोखरच अत्तार, दुकान चालवणारे. पोरगा दुकानात बसता बसता कैरोच्या अल-अझहर या जुन्या विद्यापीठात जाऊन शिकला. 1798 मध्ये फ्रेंच आले तेव्हा बरेच विद्वान त्यांच्यापासून लांब राहिले, हसन मात्र त्यांच्या शास्त्रज्ञांना भेटले, त्यांची उपकरणं पाहिली, पुस्तकं चाळली. मग तुर्कस्तान, सीरियात बरीच वर्षं फिरले. परत आल्यावर इजिप्तच्या पहिल्या सरकारी वृत्तपत्राचं काम पाहिलं आणि अखेरीस अल-अझहरचे प्रमुख झाले. 1835 मध्ये वारले. त्यांचा शिष्य रिफाआ अल-तहतावी. 1826 मध्ये पॅरिसला गेलेल्या तुकडीबरोबर त्याला पाठवा असं यांनीच सुचवलं होतं, आणि आधुनिक अरबी विचाराची सुरुवात त्या तहतावीपासून धरतात. एका दुकानदाराच्या मुलाने केवढं दार उघडून दिलं पाहा.

अशदोदकर

आणि दमास्कसचं ते भावा-बहिणीचं घर? नजाह अल-अत्तार 1976 पासून सीरियाच्या सांस्कृतिक मंत्री, 2006 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष. त्यांचा सख्खा भाऊ इसाम अल-अत्तार हा त्याच राजवटीने बंदी घातलेल्या मुस्लिम ब्रदरहुड या इस्लामी संघटनेचा पुढारी. जर्मनीतल्या आखेनला परागंदा राहिला आणि 2024 मध्ये तिथेच वारला. एकाच आईची दोन मुलं. इतिहास माणसांच्या घरात किती खोल घुसतो.

निशिगंध

मी चित्रकलेची विद्यार्थिनी आहे, म्हणून बगदादच्या दोघी बहिणी सुचवते. सुआद अल-अत्तार लंडनला गेली, लैला अल-अत्तार बगदादमध्ये राहिली आणि तिथल्या कला केंद्राची प्रमुख झाली. जून 1993 मध्ये अमेरिकेने बगदादवर क्षेपणास्त्रं सोडली, त्यातलं एक लैलाच्या घरावर पडलं. ती आणि तिचा नवरा गेले. तिच्या चित्रांत झाडांच्या गर्दीत एकटी बाई वारंवार दिसते. ती चित्रं मी जितक्या वेळा पाहते तितक्या वेळा अस्वस्थ होते.

पक्का_पुरावा

स्पेनमधलं एक उदाहरण माझ्याकडून. ग्रानाडाचा शेवटचा मुसलमान राजा बोअब्दिल, त्याचा सासरा अली अल-अत्तार. स्पॅनिश लोक त्याला 'अलियातार' म्हणतात. आधी मसाल्याचा व्यापारी होता असं सांगतात, पुढे लोखा किल्ल्याचा सरदार झाला, उतारवयातही घोड्यावर होता आणि 1483 च्या लुसेनाच्या लढाईत पडला. त्याच लढाईत जावई कैद झाला.

हे सांगण्यामागे हेतू आहे. सरदार झाल्यावरही लोकांनी त्याचं 'अत्तार' सोडलं नाही. धंदा सुटला आणि नाव राहिलं, म्हणजे आडनाव व्हायला सुरुवात झाली.

गंधवेडा

उशिरा आलो. वर सगळ्यांनी औषधी-मसाल्यावर भर दिलाय, पण सुगंधाची बाजू कमी लेखू नका. नवव्या शतकात बगदादला अल-किंदीने सुगंधांवर लिहिलेल्या ग्रंथात शंभरावर कृती आहेत. त्यात कस्तुरी, अंबर, ऊद, केशर, कापूर यांची मिश्रणं आहेत, आणि महागड्या द्रव्यांच्या नकला कशा करायच्या हेही दिलंय. यातला बराच माल आपल्याकडून आणि त्याच्याही पूर्वेकडून जायचा. म्हणूनच बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मुहतसिबाला अत्तारांच्या भेसळीवर डोळा ठेवावा लागे, केशरात काय मिसळतात, कस्तुरी खरी कशी ओळखायची, याच्या याद्या बाराव्या शतकातल्या मुहतसिबांच्या पुस्तकांत आहेत.

कनोजचं तंत्र निराळं. तांब्याच्या डेगमध्ये (मोठ्या हंड्यात) फुलं आणि पाणी, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे वाफ धरायच्या भांड्यात, आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल. ती वाफ चंदनात मुरते. चंदन परवडेनासं झाल्यापासून बरेच जण दुसरं तेल वापरतात आणि तो फरक नाकाला लगेच कळतो. अत्तारभाई, तुमच्या आजोबांची पेटी अजून आहे का?

अत्तार_कराडवाला

गंधवेडा, पेटी आहे, चुलत्यांकडे. हिनाची एक कुपी अजून झाकण उघडलं की खोली भरते. फोटो मागवतो.

माणदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. कैरोकरांनी सांगितलेलं सगळं आज त्या इजिप्शियन साहेबांना सांगितलं. त्यांच्या आजोबांचं तांता शहरात मसाल्याचं आणि जडीबुटीचं दुकान होतं म्हणाले, सुगंधाचा धंदा घरात कोणी केलाच नाही. भाऊबंद हा शब्द मात्र ते सोडायला तयार नाहीत. म्हणतात, "रक्त नसेल, दुकान तर एक आहे ना?" यावर मी वाद घातला नाही.

आता एक उपप्रश्न. आमच्याकडे काही घरं 'आतार' लिहितात, काही 'अत्तार', काही 'अतार'. ही वेगवेगळी कुळं आहेत का?

अत्तार_कराडवाला

नाही, सगळे एकच. बोलताना आमच्याकडे 'आतार'च म्हणतात, शाळेत मास्तरांनी दाखल्यावर जसं लिहिलं तसं चिकटलं. माझ्या दाखल्यावर अत्तार, सख्ख्या चुलतभावाच्या आतार, आणि आजोबांच्या सातबाऱ्यावर अतार. वारसनोंदीच्या वेळी तिन्ही एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. इथे कोणी अत्तार मंडळी वाचत असतील तर वेळीच कागद सारखे करून घ्या. मुलांच्या पासपोर्टाच्या वेळी रोमन स्पेलिंगही एकच ठेवा, नाहीतर बाप आणि मुलगा वेगळ्या आडनावाचे दिसतात. आमच्याकडे ते काम अजून चालू आहे.

आकडेवाला

अत्तारभाई, हे मी वर म्हटलं त्याचंच घरातलं उदाहरण. तीन कागद, तीन आडनावं, माणसं एकाच घरची. राजपत्रात बदल करून घेणार असाल तर अर्ज कसा केला ते इथे लिहा, खूप जणांना उपयोग होईल.

अत्तार_कराडवाला

झालं की लिहितो. तोवर पेटीचे फोटो.